तिचं काम आता कोणाकडे?

आमच्या महिला मंडळाच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आहे. दिवंगत सभासदांची नोंद त्यात होते. पूर्वी त्यात तीनच रकाने होते : नाव, सभासद झाल्याचं साल आणि निधनाची तारीख. पुढे आम्ही आणखी दोन रकाने आखले. चौथ्याचं शीर्षक ‘मंडळात काय करायच्या’ आणि पाचव्याचं ‘आता कोणाकडे’. मी या मंडळाची सचिव आहे, त्यामुळे हे रकाने भरायचं काम माझ्याकडे असतं. गेलेल्या मैत्रिणीला मंडळानं कसं लक्षात ठेवावं, याचं माझ्यापुरतं उत्तर या शेवटच्या दोन रकान्यांत आहे. गावोगावच्या मंडळांतल्या, भगिनी समाजांतल्या, इनरव्हीलसारख्या क्लबांतल्या बायांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं वरोरा चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इंग्रजांच्या काळात इथे कोळशाची खाण निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याकडून रेल्वे आली. पुढे कापसाच्या बाजारानं गाव वाढलं. बाहेरच्या माणसाला वरोरा सांगितलं, की तो लगेच ‘आनंदवन का?’ असं विचारतो. त्या आनंदवनाच्या शेजारी राहून सेवा हा शब्द जपून वापरायची सवय आम्हाला लागली आहे. आमचं मंडळ साधं आहे. शिक्षिका, दुकानदारांच्या घरच्या बाया, शेती पाहणाऱ्या, निवृत्त नर्स, अंगणवाडीत आयुष्य घालवलेल्या अशा सगळ्या त्यात आहेत. उन्हाळ्यात पाणपोई, सरकारी दवाखान्यात बाळंतविडे, दहावीच्या मुलींना वह्या-पुस्तकं, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी चक्कर, एवढाच पसारा. पण ही कामं वर्षानुवर्षं चालू आहेत आणि ती चालवणाऱ्या बाया एकेक करून जात आहेत. मंडळ जुनं झालं, की सभासदांचं वय वाढतं आणि शोकसभा हा कामकाजाचा नेहमीचा भाग होतो.

शोकप्रस्ताव आणि दोन मिनिटं

बहुतेक संस्थांत रीत सारखीच असते. सभासदाचं निधन झालं, की पुढच्या बैठकीत पहिला विषय शोकप्रस्तावाचा. अध्यक्षा प्रस्ताव वाचतात, सगळ्या उभ्या राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. प्रस्ताव इतिवृत्तात लिहिला जातो आणि त्याची प्रत पत्रासोबत घरच्यांकडे जाते. या रीतीला कमी लेखू नये. घरच्यांना ते पत्र फार मोलाचं असतं. आपल्या आईला, सासूला घराबाहेरही कुणी मानत होतं, याचा तो कागदावरचा पुरावा असतो. एका घरात मी आमचं पत्र देवघराशेजारी चौकटीत लावलेलं पाहिलं आहे.

स्तब्धतेचीही ताकद असते, आणि ती विदर्भाच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथीच्या सोहळ्यात त्याच मिनिटाला गुरुकुंज मोझरीला मौन श्रद्धांजली होते. एवढा मोठा जनसमुदाय एका क्षणी जागच्या जागी थांबतो. तिथे उभं राहिलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प राहणं हीदेखील एक कृती आहे, हे कळतं.

अडचण प्रस्तावाच्या भाषेची आहे. आमची जुनी इतिवृत्तं मी बसून वाचली. ‘मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीस तत्पर’ हे शब्द जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला आले होते. ते खोटे नव्हते, पण त्यांवरून एक बाई दुसरीपासून वेगळी ओळखू येईना. ज्या वहिनींनी इतकी वर्षं पाणपोई सांभाळली आणि ज्या बाईंनी मुलींना गणित शिकवलं, त्या दोघींच्या प्रस्तावात फक्त नाव बदललेलं होतं. त्यांना पाहिलेल्या आम्ही आहोत तोवर ठीक आहे. आमच्यानंतर ते पान वाचणारीला त्यातून काय मिळणार?

चौथा रकाना या अस्वस्थतेतून आला.

नातं आणि नाव

आपल्या परंपरेनं गेलेल्यांची आठवण ठेवायला वर्षातला अख्खा पंधरवडा दिला आहे. पितृपक्षात भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी असते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. माझ्या सासरी हा दिवस मनापासून पाळला जातो आणि मीही पाळते. त्या दिवशी गेलेल्या बाईच्या आवडीचा पदार्थ पानात वाढला, की घरातल्या लहानांनाही ती कोण होती ते सांगता येतं.

पण घर जिची आठवण काढतं, ती कुणाची तरी आई, आजी, सून असते. दिवससुद्धा तिच्या नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून ठरतो. तिनं घराबाहेर स्वतःच्या मर्जीनं, पैशाची अपेक्षा न धरता जे केलं, ते घराला पुष्कळदा माहीतही नसतं. एका मुलानं आईच्या तेराव्यानंतर आमच्याकडे येऊन विचारलं होतं, ‘आई दर बुधवारी नेमकी कुठे जायची हो?’ ती दर बुधवारी सरकारी दवाखान्यात जायची. बाळंतिणींच्या वॉर्डात बसायची, पहिलटकरणीला बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवायची. मुलाला ‘मंडळात जाते’ एवढंच ठाऊक होतं. आम्ही सांगत गेलो आणि तो ऐकत बसला.

मंडळावर जबाबदारी येते ती इथे. तिचा हा भाग फक्त आम्ही पाहिलेला असतो. आम्ही नोंदवला नाही, तर तो कुणीच नोंदवणार नाही.

आमच्या जिल्ह्याच्या पलीकडे गडचिरोलीत, भामरागडच्या बाजूला, माडिया लोक गेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. जंगलातल्या वाटेनं जाताना असे उभे दगड ओळीनं दिसतात. त्यांवर नाव कोरायची गरज पडत नाही, कारण गाव जागेवर असतं आणि कोणता दगड कोणाचा ते गाव जाणतं. आमची वस्ती तशी राहिलेली नाही. मुलं पुण्याला, हैदराबादला, परदेशात. सभासद मुलीकडे राहायला जातात आणि तिकडेच जातात. अशा वस्तीत आठवण टिकवायची, तर ती कागदावर उतरवावी लागते.

पाठ्यपुस्तकात आलेल्या आणि न आलेल्या

महाराष्ट्रातल्या बायांच्या सेवाकार्याचा इतिहास शोधत मागे गेलं, की सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळापाशी पोहोचावं लागतं. साल १८५२. त्या वर्षीच्या संक्रांतीला पुण्यात तिळगुळाचा कार्यक्रम झाला. सगळ्या जातींच्या बायांनी एकाच जाजमावर बसायचं, अशी त्याची अट होती. कलेक्टरांच्या पत्नी अध्यक्षस्थानी होत्या. त्या काळच्या पुण्यात घरातून निघून त्या जाजमावर जाऊन बसणं हेच प्रत्येकीचं मोठं धाडस होतं. सावित्रीबाई पुढे १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेगाच्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवताना त्यांना लागण झाली. आता दरवर्षी ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, गावोगावच्या शाळांत मुली त्यांचा वेश करून उभ्या राहतात. ही आठवण मिळवायला समाजाला फार वर्षं लागली, पण ती मिळाली.

मला त्या जाजमावरच्या इतर बायांची आठवण येते. त्यांची नावं आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. संस्था एका व्यक्तीच्या नावानं ओळखली जाते आणि चालते ती पुष्कळांच्या हातांनी. ज्यांचं चरित्र कधी लिहिलं जाणार नाही अशा त्या पुष्कळांसाठीच मंडळाचं रजिस्टर असतं.

काही बायांनी स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून त्या आपल्याला आतून कळल्या. पुण्याच्या सेवासदनाला १९०९ पासून आकार देणाऱ्या रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ लिहिल्या. सेवासदनानं विधवा आणि गरजू मुलींना शिवण, शिक्षण आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायची वाट मोकळी केली. रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. १९६२ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. नागपूरला सीताबर्डीवर १९२७ पासून सेवासदन उभं आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांतल्या आज्या-मावश्या तिथे शिकल्या. तिकीट हा मान झाला. पण रमाबाईंची खरी आठवण मला त्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलींत दिसते.

आमच्या गावाच्या वेशीवरचं उदाहरण साधनाताई आमट्यांचं. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा आमटे, साधनाताई, त्यांची दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ झुडपी जमिनीत आनंदवनाची सुरुवात झाली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. सुरुवातीला आनंदवनात पिकलेली भाजी घ्यायला वरोऱ्यातली माणसं धजत नव्हती. पुढे परदेशातून श्रमदानाला आलेले तरुण तिथल्या लोकांसोबत राबले, जेवले, आणि गावाची भीती हळूहळू मोडली. त्या पहिल्या वर्षांत स्वयंपाक, गुरं, रुग्ण, येणारी-जाणारी माणसं हे सगळं साधनाताईंनी पेललं. ‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी आपल्या बाजूनं तो काळ मांडला. ते पुस्तक नसतं, तर आनंदवनाच्या गोष्टीचा मोठा हिस्सा आपल्यापर्यंत आलाच नसता.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले आणि साधनाताई ९ जुलै २०११ रोजी. आपल्याला जाळू नये, मातीत पुरावं, देह मातीच्या उपयोगी पडावा, ही बाबांची इच्छा होती. तसंच झालं आणि साधनाताईंनाही त्यांच्याशेजारीच ठेवलं. आमच्या मंडळातल्या बाया तिथे जातात. फुलं वाहून झाली, की आनंदवनातल्या हातमागावरचा एखादा टॉवेल, चादर विकत घेऊनच परततात. हा आमचा शिरस्ता आहे. आठवण काढायला गेलो, तर त्यांनी उभ्या केलेल्या कामाला हातभार लावून यायचं.

स्मारक म्हणजे चालू राहिलेलं काम

वरोऱ्याहून गंभीर दुखणं घेऊन माणसं ज्या मोठ्या दवाखान्यांकडे धावतात, त्यांत सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ पाऊण कोटी रुपये जमवायचं ठरलं. जमले त्याहून जास्त. तो पैसा खेड्यातल्या बाया आणि मुलं यांच्यासाठीच खर्च व्हावा, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यास उभा राहिला आणि खेड्यांत काम करणाऱ्या ग्रामसेविका तयार होऊ लागल्या. आमच्या मंडळातल्या कित्येकींनी सेवाग्रामच्या वॉर्डात कुणाच्या ना कुणाच्या उशाशी रात्र काढली आहे. कस्तुरबांचं नाव तेव्हा दुखण्याच्या, औषधाच्या, बरं होऊन घरी परतण्याच्या आठवणीत मिसळलेलं असतं.

परदेशातल्या बायांच्या क्लबांनीही हाच मार्ग काढला. झोन्टा ही कामकरी आणि व्यावसायिक स्त्रियांची संघटना १९१९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात सुरू झाली. वैमानिक अमेलिया इअरहार्ट तिची सभासद होती. १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना तिचं विमान प्रशांत महासागरावर बेपत्ता झालं. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, झोन्टानं तिच्या नावानं विमानविद्येत उच्च शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. आज अवकाशविज्ञान शिकणाऱ्या स्त्रियांनाही ती मिळते. जिचं पार्थिवही हाती लागलं नाही, तिचं स्वप्न सहकाऱ्यांनी पुढच्या मुलींच्या हाती दिलं. इनरव्हीलचंही तसंच. १० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकारानं पहिला क्लब निघाला. आजही दरवर्षी १० जानेवारीला जगभरच्या इनरव्हील क्लबांत सेवेचे कार्यक्रम होतात आणि गोल्डिंग यांच्या नावानं सेवेचा पुरस्कार दिला जातो.

ही मोठी नावं झाली. आमच्या पाचव्या रकान्यात आहे ते याच विचाराचं गावपातळीवरचं रूप.

झबलं आणि रांजण

आमच्या एक काकू बाळंतविड्याचं काम पाहायच्या. नवजात बाळासाठी झबली, टोपडी, दुपटी आणि लंगोट यांचा संच करून आम्ही सरकारी दवाखान्यात देतो. काकूंचं शिवण साधं दिसायचं, पण त्यामागे विचार होता. झबल्याची शिवण त्या बाहेरच्या अंगाला ठेवायच्या, म्हणजे कोवळ्या कातडीला ती घासत नाही. बटण कधीच लावायच्या नाहीत, बंद लावायच्या, तेही कडेला, पाठीशी गाठ रुतणार नाही असे. कापड नव्या ठाणातलं घ्यायचं नाही, जुनी सुती लुगडी गरम पाण्यात उकळून, कडक उन्हात वाळवून मग बेतायचं. वर्तमानपत्राच्या कागदावर त्यांनी तीन मापांचे नमुने कापून ठेवले होते : कमी वजनाच्या बाळाचं, नेहमीच्या बाळाचं आणि तीन महिन्यांच्या बाळाचं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं एक खूण.

काकू म्हणायच्या, ‘मी मेल्यावर माह्या फोटोले हार नोका घालू. त्या पैशाचं नाडीचं बंडल आना.’ त्यांच्या शोकसभेत आम्ही हार आणला नाही. नाडीचं बंडल आणलं आणि बसल्या बसल्या बंद कापले. ते कागदी नमुने आता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रजिस्टरला मागच्या बाजूनं लावले आहेत. रजिस्टरात काकूंच्या नावापुढे ‘आता कोणाकडे’ या रकान्यात दोन तरुण सुनांची नावं आहेत. दोघी काकूंच्या नात्यातल्या नाहीत. त्यांतली एक कापते, दुसरी शिवते, आणि शिवण बाहेरच्या अंगाला असते.

पाणपोईवाल्या वहिनींचंही असंच. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे, त्याला पाणपोई म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाला घोटभर पाणी जिवापेक्षा मोठं होतं. वहिनी पहाटे रांजण घासून घ्यायच्या. तळाचं जुनं पाणी झाडांना घालायचं, आतून नारळाच्या काथ्यानं घासायचं, साबण लावायचा नाही, कारण मातीला वास धरतो. मग गाळून पाणी भरायचं, तोंडावर पांढरं फडकं बांधायचं आणि लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं, म्हणजे कुणाचा हात पाण्यात जात नाही. रांजणाखाली ओली वाळू, भोवती ओलं पोतं. हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या आजारी पडल्या, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून एकेक गोष्ट विचारून घेतली आणि लिहून काढली. मंडळातल्या नव्या मुली आजही ती पानं वाचूनच पाणपोई लावतात. वहिनींच्या पुढचा पाचवा रकाना भरलेला आहे.

सगळेच भरलेले नाहीत. गणिताच्या बाईंचा रिकामा आहे. त्यांच्यासारखं शिकवणारी अजून मिळाली नाही. पण ती रिकामी जागा वार्षिक सभेत सगळ्यांसमोर वाचली जाते. कुणाची उणीव नेमकी कुठे आहे, हे त्यामुळे कळतं. बाईंना त्याहून खरी श्रद्धांजली मला सुचत नाही.

पैशाचा व्यवहार

घरच्यांना पुष्कळदा आईच्या नावानं काही द्यायचं असतं. रूढ मार्ग म्हणजे स्मृतिप्रीत्यर्थ ठेव. रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून बक्षीस किंवा मदत द्यायची. कल्पना चांगली आहे, फक्त हिशेब आधी मांडावा. समजा, दहा हजारांची ठेव आहे आणि व्याज सात टक्के मिळतं, तर वर्षाला सातशे रुपये येतात. आज सातशे रुपयांत एका मुलीच्या वर्षभराच्या वह्याही जेमतेम होतात आणि वीस वर्षांनी त्या सातशेला आजच्याइतकी किंमत राहणार नाही. अशा सुट्या सुट्या लहान ठेवींची बक्षिसं पुढे नुसती नावापुरती उरतात.

म्हणून आम्ही सामायिक स्मृतिनिधी केला. दहा-दहा हजारांच्या पंचवीस ठेवी एकत्र केल्या, तर अडीच लाख होतात आणि सात टक्क्यांनी वर्षाला साडेसतरा हजार मिळतात. त्यात एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला खरा आधार देता येतो. मदत देताना दरवर्षी दोघी-तिघी दिवंगत सभासदांची नावं आणि कामं त्या मुलीला वाचून दाखवली जातात. व्याजातला थोडा भाग आम्ही मुद्दलात परत टाकतो, म्हणजे महागाईत निधी अगदीच झिजत नाही.

एक काळजी घ्यावी. देणगी मुद्दलासाठी आहे की चालू खर्चासाठी, हे देणाऱ्याकडून पत्रात स्पष्ट लिहून घ्यावं आणि हिशेबात कायम निधी वेगळा दाखवावा. नोंदणीकृत संस्थेला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखापरीक्षित हिशेब द्यावा लागतो. तिथे हे कागद लागतात. शिवाय पंधरा-वीस वर्षांनी कार्यकारिणी पूर्ण बदललेली असते. आईच्या नावानं दिलेला पैसा कशासाठी होता, हे तेव्हा त्या पत्रावरूनच कळेल.

पैशाशिवायचं दानही असतं. आमच्या एका सभासदानं नेत्रदानाचा अर्ज भरून मुलीला सांगून ठेवलं होतं. निधनानंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी सहसा अडचण येत नाही. घरच्यांची संमती मात्र हवीच. रडण्याच्या त्या घटकेतही तिच्या मुलीनं हे सगळं नीट केलं. डोळे ज्याला मिळाले, त्याला आमच्या मैत्रिणीचं नाव ठाऊक नाही. आमच्या रजिस्टरात मात्र ते आहे.

मागे राहिलेल्या मैत्रिणी

आठवणीचा आणखी एक भाग आहे, तो फार कमी बोलला जातो. सभासद गेली, की घरच्यांना दुःख करायला जागा असते, सुतक असतं, भेटायला येणारी माणसं असतात. तीस वर्षं तिच्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीला यातलं काही नसतं. ती भेटून येते आणि संध्याकाळी आपल्या घरच्या स्वयंपाकाला लागते. तिचं दुःख कुणाच्या हिशेबात नसतं.

कोरोनाच्या दोन वर्षांत हे प्रकर्षानं जाणवलं. त्या काळात गेलेल्या सभासदांचं शेवटचं दर्शनही आम्हाला झालं नाही. शोकसभा मोबाइलच्या पडद्यावर झाली. कुणाचा आवाज तुटत होता, कुणाला पडद्यावर दिसायचंच नव्हतं. निर्बंध उठल्यावर आम्ही त्या सगळ्यांसाठी पुन्हा सभा घेतली, प्रत्यक्ष, सतरंजीवर बसून. भाषणं ठेवली नाहीत. प्रत्येकीनं गेलेल्या एकीची एकच खरी घटना सांगायची, एवढाच नेम. कुणी तिनं उसनी दिलेली छत्री सांगितली, कुणी तिच्याशी झालेलं भांडण आणि ते कसं मिटलं ते. भांडणही सांगितलं गेलं, याचं मला समाधान वाटलं. गेलेल्या माणसाला नुसतं गोड करून टाकलं, की ते हातातून निसटतं. त्या दिवशी बाया मोकळेपणानं रडल्या आणि नंतर बराच वेळ बोलत बसल्या. मंडळ ही मैत्रिणींचं दुःख मांडायचीही जागा आहे, हे आमच्या तेव्हा ध्यानात आलं. वर्षातून एकदा अशी सभा आता ठरलेली आहे.

असं रजिस्टर सुरू करायचं असेल, तर

कोणत्याही मंडळाला हे जमण्यासारखं आहे. एक चांगल्या बांधणीची वही घ्यावी. मोबाइलवरचे संदेश आणि फोटो फोनबरोबर जातात, वही राहते. प्रत्येक सभासदासाठी एक पान सोडावं. फोटो लावला, तर त्याच्या मागे नाव, प्रसंग आणि साल लिहावं. नाव पूर्ण लिहावं. सगळ्याजणी जिला ‘मोठ्या बाई’ म्हणतात, तिचं खरं नाव वीस वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. विशेषणं टाळावीत आणि ती काय करायची, कसं करायची, कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, हे लिहावं. घरच्यांना वाचून दाखवावं आणि त्यांची हरकत असेल, ते गाळावं. आजारपणाचे तपशील, घरातल्या अडचणी यांना त्या वहीत जागा नको.

सगळ्यांत महत्त्वाचं, हे सभासद हयात असतानाच करावं. जी बाई आज सत्तरीत आहे आणि मंडळाचं एखादं काम एकहाती ओढते आहे, तिच्याकडे या आठवड्यात जाऊन बसावं. तिचं काम तिच्या तोंडून उतरवून घ्यावं आणि तिच्या हाताखाली एक तरुण मुलगी द्यावी. सुरुवातीला आम्हालाही धास्ती होती, की असं विचारायला गेलं, तर त्यांना वाटेल आपल्या जाण्याची तयारी चालली आहे. तसं कुणालाही वाटलं नाही. आपलं काम कुणीतरी शिकायला आलं, याचा आनंदच झाला. जुन्या पिशव्या, याद्या, पत्ते बाहेर निघाले, कधी न सांगितलेल्या गोष्टी निघाल्या.

येत्या सभेत माझंही पान लिहायचं ठरलं आहे. रजिस्टर ठेवायचं काम कोणाला शिकवायचं, ते मी सुचवलं आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि ती विचारायला लाजत नाही. पहिलं पान ती माझ्यासमोर बसून लिहील.